हरेश्वरभाऊंनी निवडलेला मासा

बातमी आली तेव्हा मी माशांचे फोटो बघत होते. आमच्या कंपनीच्या यंदाच्या शाश्वतता अहवालाचं मुखपृष्ठ ठरवायचं होतं आणि डिझाइनवाल्यांनी तीन नमुने पाठवले होते. तिन्हींमध्ये तोच निळ्या फरशीचा हौद होता, तेच चकाकणारं पाणी, आणि एका कोपऱ्यात माशांना खाणं टाकणारा जाड बोटांचा, सावळा हात. हात हरेश्वर मेहेरांचा. तो मोठा करून बघत असतानाच प्लांटच्या ग्रुपवर मेसेज पडला, 'ईटीपीचे आपले मेहेर आज सकाळी गेले.' त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं एकामागून एक यायला लागली. अर्ध्या तासानं एचआरमधून फोन आला. "मॅडम, आपल्या गृहपत्रिकेच्या अंकासाठी शे-दीडशे शब्द द्याल का? फोटो तुमच्याकडे असेलच." मी दिले. 'पर्यावरणाचा निष्ठावान सेवक' वगैरे लिहिलं. लिहिताना स्वतःचीच शिसारी आली, तरी वेळेत पाठवलं, कारण वेळेत गोड लिहिण्याचाच मला पगार मिळतो. त्या दीडशे शब्दांतून मी जे गाळलं, ते आज इथं लिहितेय.

मी मूळची जळगावकडची. नवऱ्याची नोकरी तारापूरला लागली म्हणून या भागात आले आणि सुरुवातीची वर्षं सालवडला भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. दोरीवरचे कपडे आत कधी घ्यायचे, हे तिथल्या बायका हवेच्या वासावरून ठरवायच्या आणि महिन्याभरात मीही तशीच ठरवायला लागले. पुढं इथल्याच एका परदेशी कंपनीत मला सामाजिक जबाबदारीच्या विभागात काम मिळालं. कंपनीचं नाव लिहीत नाही. तसा सल्ला मिळालाय, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटते. मुख्यालय युरोपात, इथं औषधांना लागणारी रसायनं बनतात. पाड्यांवर फिरता दवाखाना पाठवायचा, शाळांना स्वच्छतागृहं बांधून द्यायची, खाडीकाठी कांदळवनाची रोपं लावायची आणि वर्षअखेरीला या सगळ्याचं एक देखणं पुस्तक काढायचं, हे माझं काम. ते सगळं ढोंग होतं असं कुणी समजू नये. त्या दवाखान्यामुळे वाचलेल्या बाळंतिणी मला आजही बोईसरच्या बाजारात भेटतात, थांबून चौकशी करतात. त्यांच्याकडे बघून मी कितीतरी वर्षं स्वतःची समजूत घातली.

कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायचा जो प्लांट असतो, त्याला सगळे ईटीपी म्हणतात. आमचा ईटीपी कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून आहे आणि तिकडे आपणहून कुणी फिरकत नाही. अहवालातल्या 'पाणी' या पानासाठी माहिती हवी म्हणून मी पहिल्यांदा गेले, ती नाकाला रुमाल लावूनच. गमबूट घातलेला एक माणूस हातात बाटली घेऊन टाकीच्या काठावर उकिडवा बसला होता. त्यानं वर बघून म्हटलं, "मॅडम, रुमाल काढा. वास घ्या. आज कुनी काय सोडलंय ते वासच सांगतो." मी रुमाल काढला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. हरेश्वरभाऊ इतके मनापासून हसले की मला रागही धरता आला नाही. तारापूरजवळच्या एका खाडीकाठच्या गावातले ते. घरात सगळे मासेमारीवाले. हेच तेवढे आयटीआय करून कंपनीत लागलेले. प्रयोगशाळेचा कागद संध्याकाळी यायचा, पण कुठल्या विभागानं कुठलं पाणी घाईघाईत सोडून दिलंय हे त्यांचं नाक सकाळीच सांगून मोकळं व्हायचं, आणि कागद सहसा त्यांच्या बाजूनं निघायचा.

कंपनीच्या आत ते मला 'मॅडम, तुमी' म्हणायचे आणि गेटबाहेर पडलं की 'बाय, तू'. दोन्हींत खोट नव्हती. एकदा आम्ही खाडीकाठी मोठा बॅनर लावून कांदळवनाची रोपं लावत होतो. भाऊ सुट्टीचा दिवस असून बघायला आले, हात मागं बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाय, ही भरतीच्या तोंडावर लावलीस. चार दिवसांत समुद्र घेऊन जाईल. फोटो काढलास ना? मग झालं तं." मी चिडले. चार दिवसांनी जाऊन पाहिलं तर काठ्या तेवढ्या उभ्या होत्या. पुढच्या वर्षी रोपं कुठं लावायची हे मी त्यांनाच विचारलं, आणि ती झाडं आज माझ्या डोक्याच्याही वर गेली आहेत.

आता हौदाविषयी. शुद्ध केलेलं पाणी बाहेर सोडण्याआधी एका छोट्या हौदात खेळवायचं आणि त्यात मासे ठेवायचे, अशी पद्धत पुष्कळ कारखान्यांत आहे. पाहुण्यांना आकड्यांचे तक्ते कळत नाहीत, जिवंत मासा मात्र सगळ्यांना कळतो. मुख्यालयातून पहिल्यांदा तपासणीची मंडळी येणार होती तेव्हा आम्ही असाच हौद बांधला आणि त्यात रोहूची पिल्लं सोडली. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी सगळी पिल्लं पोटं वर करून तरंगत होती. आमचे साहेब, म्हणजे प्लांटप्रमुख, हौदाच्या कडेला नुसते उभे होते. गाड्या निघाल्याचा फोन आलेला. तेवढ्यात भाऊंनी मोटरसायकलला एक निळा ड्रम बांधला आणि कुणाला काही न सांगता गेले. दगडखाणीतल्या कुठल्याशा डबक्यातून तासाभरात जिवंत मासे घेऊन आले, हौदात ओतले. काळसर, काटेरी पाठीचे ते मासे पाण्यात पडताच असे फिरायला लागले, जणू जन्मापासून तिथंच राहत होते.

पाहुणे आले, वाकून वाकून बघितलं, फोटो काढले. साहेबांनी सगळ्यांसमोर भाऊंची पाठ थोपटली. गर्दी पांगल्यावर मी विचारलं, "भाऊ, कुठला मासा आहे हा?"

"चिलापी. गटारात टाका, तरी जगेल." आणि छाती पुढं काढून म्हणाले, "मासा कुठं जगतो आन कुठं मरतो, ते आमाला नाय शिकवायचं."

आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्याची आज मला लाज वाटते. रोहू का मेले, हे आम्हा दोघांपैकी एकानंही त्या दिवशी विचारलं नाही. आपल्या प्लांटची अब्रू वाचली यातच भाऊ खूश होते, आणि मला मुखपृष्ठ मिळालं होतं.

मग तो शिरस्ताच पडला. दर पाहणीआधी हौद घासायचा, ताजी चिलापी आणायची. पाहणी झाली की हौद रिकामा करायचा असे, कारण तिथं रोज लक्ष द्यायला माणूस नव्हता. उरलेल्या माशांचं काय करायचं? भाऊ ते खात नसत, कुणाला खाऊही देत नसत. "ह्या पान्यातलं पोटात नको," एवढंच म्हणायचे. खरं तर त्या एका वाक्यावर माझं पुस्तक तिथंच बंद व्हायला हवं होतं. पण त्यांच्या घरची एक रीत होती. जो मासा खायचा नाही आणि जिवंत आहे, त्याला कोरड्यावर मरू द्यायचं नाही, पाण्यात परत सोडायचा. त्यांचे वडील जाळ्यात आलेली बारकी पिल्लं अशीच परत सोडायचे, सोडताना बोटं कपाळाला लावायचे. तर भाऊ पाहणी संपली की मासे ड्रममध्ये भरून घरी निघायचे आणि वाटेत बांधावर थांबून सगळी चिलापी आपल्या गावच्या खाडीत सोडून द्यायचे. मला हे इतकं आवडलं की एका अहवालात मी त्यावर चौकट लिहिली, 'परंपरेतून शाश्वतता'. मुख्यालयातून त्या चौकटीचं खास कौतुक करणारं पत्र आलं. ते मी लॅमिनेट करून भाऊंना दिलं होतं.

पुढं दिवस तंगीचे आले. म्हणजे कंपनी तोट्यात गेली नव्हती. वरच्यांना हवा तेवढा नफा होत नव्हता. ईटीपीच्या शेवटच्या टप्प्यावर कोळशाचा फिल्टर असतो, पाण्यातलं उरलंसुरलं विष तो धरून ठेवतो, आणि काही काळानं त्याची ताकद संपते. तो बदलायचा विषय 'पुढच्या तिमाहीत बघू' म्हणून मागं पडत गेला. त्याच वर्षी माझ्या अहवालाचा कागद जाड झाला, मुखपृष्ठाला चमक आली. आमचे साहेब दुष्ट नव्हते हो. त्यांना वरून एकाच दिवशी दोन फोन यायचे, एक खर्च कमी करा म्हणून आणि दुसरा पर्यावरणाचं चित्र आणखी चांगलं दिसू द्या म्हणून. ते मीटिंगमध्ये दोन्ही तळहात वरखाली करून दाखवायचे आणि म्हणायचे, "तोल सांभाळायचा असतो." त्या तराजूच्या एका पारड्यात नफा होता हे मला दिसत होतं. दुसऱ्यात माझं पुस्तक ठेवलेलं आहे, हे कळायला मला फार उशीर लागला.

भाऊ रोज शिफ्टच्या वहीत लिहायचे, 'कार्बन बदलणे आवश्यक'. रोज तेच वाक्य, त्यांच्या ठसठशीत अक्षरात. शेवटी एकदा ते साहेबांच्या केबिनमध्येच शिरले. मी तिथं होते. "साहेब, कोलसा मेलाय. मेलेल्या कोलशातनं पानी गालतोय आपन. ह्ये सगलं आमच्या खाडीत जातंय."

साहेबांनी शांतपणे विचारलं, "मेहेर, हौदातले मासे जगतायत ना?"

"जगतायत साहेब, पन..."

"जगतायत ना? मग पाणी चांगलंच आहे."

त्यांनी स्वतः निवडून आणलेला मासा त्यांच्याच विरुद्ध साक्षीला उभा राहिला होता. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. चिलापी कशातही जगते हे त्या खोलीत त्यांच्याखेरीज फक्त मला ठाऊक होतं. मी समोरच्या कागदावर काहीतरी खुणा करत बसले. बाहेर पडल्यावर मी त्यांना म्हटलं, जरा दम धरा, पुढच्या तिमाहीत होईल. ते गमबूट वाजवत निघून गेले.

त्यांच्या घरी मी वर्षातून दोनतीनदा तरी जायचे. "बाय, बोय खायला ये. आमच्या खाडीची बोय खाल्लीस की जलगाव विसरशील," असं त्यांचं आमंत्रण असे. बोय म्हणजे खाडीतला रुपेरी, लांबट मासा, चवीला गोड आणि प्रकृतीनं नाजूक. त्यांची बायको, सुलोचनावहिनी, त्याचं चिंच घालून कालवण करायच्या. मासा म्हणजे आठवडी बाजारात बर्फावर पडलेली वस्तू, एवढीच समज असलेल्या माझ्यासारखीला त्यांनी काटे काढायला शिकवलं. पण त्या वर्षी गेले तेव्हा वहिनी बांधावर बसून दिराच्या जाळ्यातला माल निवडत होत्या आणि टोपलीत एकही बोय नव्हती. सगळी चिलापी. एक उचलून त्यांनी माझ्या नाकाशी धरली, रॉकेलसारखा वास येत होता. "हिला बाजारात कोन इचारत नाय. बोय गेली, कोलंबी गेली, चिंबोरी गेली, ही एकच राह्यलीय. कुटनं आली देव जाने. ज्या मेल्यानं ही आमच्या खाडीत सोडली, त्याचं तलपट होईल!" भाऊ चार हात अंतरावर उभे राहून पाय धूत होते. पाय केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ते धूतच राहिले.

मला घरी सोडायला निघाले तेव्हा वाटेत त्यांनी गाडी थांबवली. समोर बघतच म्हणाले, "बाय, ती मीच सोडली. बोय पान्यानं मेली आन तिच्या जागेवर ही बसली. पानी मला आवरता आलं नाय. आन हिला तं मीच आनून दिली." मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत होतं, तुम्ही तर जीव वाचवायला सोडलीत. ते म्हणाले, "बानं शिकवलेलंच केलं. पन बा सोडायचा ते ह्याच खाडीतलं असायचं." त्या दिवसापासून त्यांचा खोकला माझ्या लक्षात यायला लागला. आधीही असेल, मी ऐकला नसेल.

त्यानंतरच्या पाहणीला मुख्यालयातून एक वयस्कर बाई येणार होत्या. नेमके प्रश्न विचारतात, अशी त्यांची ख्याती होती. त्या सकाळी भाऊ मला ईटीपीच्या दारात भेटले आणि हौदापाशी घेऊन गेले. हौदात चिलापी नव्हती. बोटभर लांबीचे रुपेरी मासे होते, आणि बहुतेक सगळे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. आदल्या दिवशी भाऊ दातिवऱ्याला आपल्या आत्याकडे गेले होते. तिकडच्या खाडीत अजून बोय मिळते. तिथून ड्रममध्ये हवेची नळी सोडून, गाडी हळूहळू चालवत त्यांनी ही पिल्लं जिवंत आणली होती. सफाईचं काम करणारा कंत्राटी कामगार रामसजीवन घाबरून म्हणाला, "मैडम, मछली ऊपर आ रही है। दोपहर तक सब मरेगी।"

"मरूदे," भाऊ म्हणाले. मग माझ्याकडे वळून, कंपनीच्या आत पहिल्यांदाच, "बाय, तू काय बोलू नको. फकस्त त्या बाईला हितं आन. ती बघेल, ती इचारेल. मंग कोलसा बदलतील."

मी हो म्हटलं. म्हणताना मला तसंच करायचं होतं, यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण ऑफिसपर्यंत चालत येईतो डोक्यात दुसरंच सुरू झालं. फिरता दवाखाना बंद होईल. कंपनी बोईसर सोडून दुसरीकडे जाईल, एवढ्या माणसांच्या घरी चूल कशी पेटेल. सगळी मोठमोठी कारणं. माझ्या स्वतःच्या खुर्चीचा विचार त्यात सर्वांत खाली, नीट घडी घालून ठेवलेला होता. मी पाहुण्यांचा कार्यक्रम बदलला, आधी त्यांना शाळा दाखवायला नेलं आणि जाण्यापूर्वी रामसजीवनला सांगितलं, हौदातली बोय काढ आणि खाणीच्या डबक्यातली चिलापी आणून टाक. आम्ही ईटीपीवर पोचलो तेव्हा हौदात चिलापी मजेत फिरत होती. बाई वाकल्या, हसल्या, फोटो काढला. भाऊ भिंतीशी उभे होते. त्यांच्या पायाशी झाकण लावलेला निळा ड्रम होता, त्यात काय होतं ते आम्हा तिघांनाच माहीत. ते ओरडले असते तरी चाललं असतं. ते ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गेटच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे, मी त्यांच्यासाठी फक्त 'मॅडम, तुमी' झाले.

पुढचं सगळं भराभर झालं. खोकला वाढला, वजन उतरलं. डॉक्टरांनी विडी ओढता का हे तीनतीनदा विचारलं. ते कधीच ओढत नव्हते. फुप्फुसं खराब झाली आहेत एवढं सांगितलं गेलं, कशानं ते कुणी कागदावर लिहिलं नाही. बोईसरच्या दवाखान्यात मी त्यांना शेवटचं भेटले. नाकाला नळी होती. ज्या नाकानं अख्ख्या कारखान्याला खडसावलं होतं, त्याला आता औषधाचाही वास येत नव्हता, असं वहिनी म्हणाल्या. भाऊंनी मला बसायची खूण केली आणि दम घेत विचारलं, "मॅडम... कोलसा बदलला?"

"अजून नाही."

"मंग हौदात मासे टाकू नका. कुठलाच नको. रिकामा ऱ्हाऊदे."

मी त्यांचा हात धरला आणि हो म्हटलं. हे माझं त्यांना दिलेलं दुसरं हो.

ते गेल्याचं मुख्यालयाला कळलं तेव्हा त्या पाहणीवाल्या बाईंनी स्वतः ईमेल पाठवला. तो हौद, तो हात, ती परंपरेची चौकट, सगळं त्यांच्या लक्षात होतं. हौदाला मेहेर यांचं नाव द्यावं, आणि अनावरण त्यांच्या पत्नीच्या हस्ते व्हावं, मी येतेच आहे, असं त्यांनी कळवलं. सगळं अगदी मनापासून लिहिलेलं होतं. त्यांच्या चांगुलपणाबद्दल मला अजूनही शंका नाही, आणि त्यामुळेच जास्त भीती वाटते. पाटीवरचा मजकूर अर्थात मीच लिहिला. हौद रिकामा ठेवू या, असं मी साहेबांना एकदा सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "माशांच्या हौदात मासे नकोत? असं कसं दिसेल?" भाऊंच्या जागेवर आलेल्या नव्या माणसानं मला विचारलं, "मॅडम, कुठले मासे आणू?" आणि मी क्षणाचाही विचार न करता, सवयीनं, चिलापी म्हणून गेले. जीभ माझीच होती.

गेल्या आठवड्यात अनावरण झालं. सुलोचनावहिनी पांढऱ्या साडीत, दिराबरोबर आल्या होत्या. कंपनीची गाडी त्यांना आणायला गेली होती. साहेबांनी त्यांच्या तळहातावर माशांचं खाणं ठेवलं आणि हौदाकडे हात केला. वहिनी पुढं झाल्या, वाकल्या... आणि तशाच थांबल्या. जन्मभर मासळी निवडलेल्या बाईला मासा ओळखायला किती वेळ लागणार? त्यांनी मान वळवून मला विचारलं, "तो डरम घेऊन यायचा, त्यात ही असायची?"

मी होकारार्थी मान डोलावली.

त्यांनी मूठ मिटली. बांधावर बसून कुणाला शाप दिला होता, ते त्यांना त्या क्षणी आठवलं असणार. चेहऱ्यावरून मला तरी तसं वाटलं. त्या रडल्या नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हितं त्याचं नाव लावू नका. ह्या माशानं आमची खाडी खाल्ली. तुमचं पानी बोयला मारतं आन हिला पोसतं, ते त्याला ठाऊक होतं. तुमालाबी ठाऊक होतं."

पाहणीवाल्या बाईंना मराठी येत नाही. दुभाषी नेहमीप्रमाणे मीच. त्यांनी डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, काय म्हणतायत त्या? साहेब माझ्याकडे बघत होते. नवा माणूस, रामसजीवन, फोटोवाला, सगळे बघत होते. भाऊंना द्यायचं राहिलेलं सगळं त्या एका वाक्यात देता आलं असतं.

मी इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतायत, त्यांच्या पतींचा या माशांवर फार जीव होता."

बाईंनी वहिनींचे दोन्ही हात हातात घेतले. टाळ्या वाजल्या. साहेबांनी पाटीवरचा पडदा स्वतःच ओढला. वहिनींना इंग्रजी कळत नाही, पण आपल्या बोलण्यावर टाळ्या पडायला नको होत्या एवढं त्यांना कळलं. मुठीतलं खाणं त्यांनी हौदाच्या कठड्यावर ठेवलं आणि चालायला लागल्या. गाडीपर्यंत मी त्यांच्यामागं गेले, वहिनी, वहिनी म्हणत. त्या दारात थांबल्या.

"तू पुस्तकं लिवतेस ना?"

"हो."

"मंग ह्ये पन लिव. त्यानं केलं तेबी लिव, तू केलंस तेबी लिव. त्याला झाकू नको. पन इंग्रजीत नको. आमाला वाचता येईल असं लिव."

वहिनी, लिहिलंय. पाटी अजून तिथंच आहे, हौदातल्या चिलापीनं परवा पिल्लं घातली, आणि कोळसा अजून बदललेला नाही.